ग्रहांच्या मागावर : महाराजा सवाई जयसिंह

उज्जयिनी नगरीचे आणि मंगळ ग्रहाचे नाते फार जुने आहे. शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी मंगळनाथाचे देवालय आहे. मंगळाचा जन्म याच भूमीवर झाला, अशी भाविकांची परंपरागत श्रद्धा आहे. प्राचीन सिद्धांतकारांनी लंकेपासून मेरूपर्यंत जी मध्यरेषा कल्पिली, तीही याच नगरीवरून नेली आणि ग्रहगणितात तिलाच आधार मानले. अशा नगरीत वाढणाऱ्या मुलांना मंगळाचे कुतूहल वाटावे, यात नवल ते काय?

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हरन्स’ नावाची सहा चाकांची यंत्रगाडी मंगळावरील जेझेरो नामक विवरात उतरली. तेव्हापासून आमच्या नानाखेड्यातील काही घरांतून तिच्या प्रवासाची चर्चा मोठ्या आवडीने होत आली आहे. गाडीने धाडलेली छायाचित्रे सर्व जगाला खुली केली जातात. देशोदेशीचे हौशी अभ्यासक ती पाहतात, एकास एक जोडून विस्तीर्ण देखावे तयार करतात, आणि गाडी काल कोठे होती व आज कोठवर पोचली हे नकाशावर टिपून ठेवतात. २००४ साली उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाडीकडून तर अवघ्या नव्वद मंगळ-दिवसांच्या कामाची अपेक्षा होती. ती चौदा वर्षांहून अधिक काळ टिकली आणि पंचेचाळीस किलोमीटरांचा पल्ला चालून गेली. जून २०१८ मध्ये धुळीच्या प्रचंड वादळात तिचा शेवटचा संदेश आला, आणि मग ती अबोल झाली. तिचा माग ठेवणाऱ्या कित्येकांना तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

दूरच्या प्रवाशाचा असा माग ठेवण्याची विद्या आमच्या गावाला मात्र नवी नाही. नानाखेड्यापासून फार दूर नसलेल्या जयसिंगपुऱ्यात, क्षिप्रेच्या काठी, चुन्या-विटांची काही विलक्षण बांधकामे उभी आहेत. ती महाल नव्हेत, मंदिरे नव्हेत, किल्लेही नव्हेत. आकाशातील प्रवाशांचा माग काढण्यासाठी एका राजाने ती सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधविली. त्या राजाचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांसमोर ठेवीत आहोत.

महाराजा सवाई जयसिंह यांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आंबेरच्या कछवाह राजघराण्यात झाला. त्याच्या आदल्याच वर्षी दूर इंग्लंडात न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरील महान ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. एकाच काळातील या दोन घटनांची एकमेकींना गंधवार्ताही नव्हती. परंतु पुढे या चरित्रात त्यांचा संबंध येणार आहे, म्हणून वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

पिता बिशनसिंह हे मोगल बादशहाच्या चाकरीत असता १६९९ च्या अखेरीस वारले, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या शिरावर राज्याचा भार पडला. ‘सवाई’ म्हणजे इतरांहून सव्वापट सरस. बाल जयसिंहांच्या हजरजबाबीपणावर प्रसन्न होऊन औरंगजेबाने त्यांना हे उपपद दिले, अशी आख्यायिका आहे. लवकरच त्यांना दक्षिणेतील स्वारीवर जावे लागले. खेळणा म्हणजेच आपला विशाळगड. कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा सह्याद्रीतील दुर्गम किल्ला १७०२ साली बादशाही फौजेने महिनोन्‌महिने वेढला होता. त्या वेढ्यात तेरा वर्षांचे जयसिंह आपल्या राजपूत सैनिकांसह हजर होते. आमच्यासारख्या कोकणीभाषक घरांत वाढलेल्यांना त्या मुलखातील पावसाची, धुक्याची आणि निसरड्या कड्यांची कल्पना सहज येते. आपल्या शाळेच्या सातवी-आठवीतील मुलाएवढ्या वयात त्यांनी युद्धाचे ते रूप पाहिले.

पुढील सारे आयुष्य धामधुमीचे गेले. १७०७ साली औरंगजेब मरण पावला, त्याच्या पुत्रांत गादीसाठी लढाई जुंपली, आणि जयसिंहांनी ज्याची बाजू घेतली तो हरला. आंबेरचे राज्य काही काळ हातचे गेले. ते त्यांना पुन्हा मिळवावे लागले. दिल्लीच्या तख्तावर बादशहा येत होते आणि जात होते. मोगल सत्तेचा वाडा खिळखिळा होत असताना त्याच्या छपराखाली उभे राहून कारभार करणे हे जयसिंहांच्या वाट्यास आले. मालव्याची सुभेदारी त्यांच्याकडे तीन वेळा आली. पहिली १७१३ साली. उज्जयिनी हे या सुभ्याचे मुख्य ठाणे, म्हणून या नगरीशी त्यांचा घनिष्ठ संबंध जडला.

अशा माणसाला आकाशाकडे पाहण्यास सवड कशी मिळाली, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु गणित व ज्योतिष यांची गोडी त्यांना बाळपणापासून होती, आणि ती राज्यकारभाराच्या ओझ्याखालीही मेली नाही. ग्रंथांतील गणिताने काढलेले ग्रहांचे स्थान आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारे स्थान यांचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. संस्कृत ग्रंथांचा आधार घ्यावा तरी फरक, आणि फारसी सारण्यांचा घ्यावा तरीही फरक. समरकंदचा विद्वान राजा उलुगबेग याने पंधराव्या शतकात केलेल्या सारण्या त्या काळी सर्वांत नामांकित होत्या; पण त्यांनाही तीनशे वर्षे होत आली होती.

हा फरक का पडतो, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. तारे एकमेकांच्या संदर्भात आपली जागा सोडताना दिसत नाहीत. ग्रह मात्र त्यांच्यामधून प्रवास करतात. त्यांतही मंगळाची चाल मोठी चमत्कारिक. तो महिनोन्‌महिने पूर्वेकडे सरकतो, मग थबकतो, काही आठवडे उलटा चालतो, आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. यालाच आपण मंगळ वक्री झाला असे म्हणतो. हे सारे सुमारे ७८० दिवसांनी पुन्हा घडते. गणितात यत्किंचित चूक असली, तर ती प्रत्येक फेरीत साचत जाते, आणि शंभर-दोनशे वर्षांनी ग्रंथातला मंगळ एकीकडे व आकाशातला मंगळ दुसरीकडे अशी अवस्था होते. सण, व्रते, मुहूर्त आणि ग्रहणाच्या वेळा ज्या पंचांगावर अवलंबून, तेच पंचांग मग खोटे पडू लागते.

ग्रंथ आणि आकाश यांत भेद पडला, तर खरे कोणाचे मानावे? पूर्वजांचा ग्रंथ चुकणार नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते. जयसिंहांनी आकाशाची साक्ष प्रमाण मानली. त्यांनी ही अडचण बादशहा मुहंमदशहाच्या कानी घातली आणि त्याच्या संमतीने १७२४ च्या सुमारास दिल्लीत वेधशाळा उभारली.

प्रथम त्यांनी इस्लामी परंपरेतील पितळी यंत्रे करून पाहिली. परंतु पितळेची यंत्रे आकाराने लहान, त्यामुळे त्यांवर अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत. शिवाय आस झिजतो, मध्यबिंदू ढळतो, आणि मोजमाप बिघडते. तेव्हा त्यांनी निराळा मार्ग धरला. यंत्रे दगडाचुन्याची बांधावयाची, जमिनीत घट्ट रोवावयाची, आणि एवढी मोठी करावयाची की अंशाचा लहानसा भागही डोळ्यांना स्पष्ट दिसावा. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्याच्या कमानीवर सूर्याची सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलीमीटर सरकते. काळ चालताना डोळ्यांनी पाहावा, अशी ती योजना!

दिल्लीपाठोपाठ जयपूर, उज्जयिनी, काशी आणि मथुरा येथे वेधशाळा झाल्या. एकाच राजाने पाच ठिकाणी हा खटाटोप कशासाठी करावा? यामागचा हेतू त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद करून ठेवला आहे. दिल्लीत घेतलेले वेध खरे की खोटे, हे इतर नगरांतील वेधांशी ताडून पाहावे, आणि या शास्त्राची आवड असलेल्या कोणाही माणसाला आपापल्या ठिकाणी ताऱ्याचे वा ग्रहाचे स्थान स्वतः पडताळता यावे, असा तो हेतू होता. आपल्या मते जयसिंहांची खरी थोरवी येथे आहे. राजाची आज्ञा म्हणून ती खरी मानावी, असे त्यांनी म्हटले नाही. जो कोणी पाहू इच्छील त्याच्यासाठी त्यांनी भर वस्तीत यंत्रे उभी केली. मंगळावरील गाडीची चित्रे आज सर्वांपुढे खुली मांडली जातात, त्यामागेही हाच विचार आहे.

उज्जयिनीची वेधशाळा साधारण १७२५ ते १७३० या काळात झाली. येथील सम्राट यंत्राच्या मधल्या भिंतीची चढती कड उज्जयिनीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २३ अंश कललेली असून ती उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. दोन्ही बाजूंच्या कमानींवर तिची सावली पडते व स्थानिक वेळ सांगते. नाडीवलय यंत्रावरून सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे की दक्षिणेस, ते कळते. भित्ती यंत्रावर मध्यान्हीच्या वेळी आकाशस्थ गोलांची उंची मोजतात. आणि दिगंश यंत्राने कोणताही ग्रह कोणत्या दिशेस व किती उंचीवर आहे, ते ठरविता येते. मंगळाचा माग काढण्याचे काम हेच. रात्री जागून वेध घ्यावा, घटी-पळे टिपावी, दुसऱ्या रात्री पुन्हा घ्यावा. ढग आले तर वाट पाहावी. एका वेधाने काही सिद्ध होत नाही. असे शेकडो वेध एकापुढे एक मांडले म्हणजेच ग्रहाची वाट दिसू लागते.

या कामी जयसिंहांनी जात, धर्म व देश यांचा भेद मानला नाही. त्यांच्या दरबारातील प्रमुख ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांनी अरबी-फारसीचे अध्ययन करून ग्रीक विद्वान टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. तोच ‘सम्राट सिद्धांत’. युक्लिडची भूमितीही त्यांनीच ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात उतरविली. त्यांच्या जोडीला मुसलमान ज्योतिषी होते आणि ख्रिस्ती पाद्रीही होते. युरोपात या शास्त्राची काय प्रगती झाली आहे हे जाणून घेण्यासाठी जयसिंहांनी १७२७ साली पाद्री मॅन्युएल द फिगेरेदो यांच्यासमवेत काही माणसे पोर्तुगालला धाडली. शिडाच्या जहाजांचा तो काळ. मंडळी परत येण्यास काही वर्षे लागली. त्यांनी फ्रेंच ज्योतिषी ला हीर याच्या सारण्या आणल्या.

जयसिंहांनी त्या सारण्याही डोळे मिटून स्वीकारल्या नाहीत. त्यांनी त्या आकाशाशी ताडून पाहिल्या, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली, आणि ग्रहणाच्या वेळेत पंधरा पळांचा, म्हणजे सहा मिनिटांचा फरक आढळला. ग्रंथ संस्कृत असो, फारसी असो की परदेशातून आलेला असो, कसोटी सर्वांना एकच! या सर्व परिश्रमांचे फळ म्हणजे ‘झीज-इ-मुहंमदशाही’ हा फारसी ग्रंथ. तो बादशहा मुहंमदशहाच्या नावाने सिद्ध झाला.

याच काळात त्यांनी जयपूर नगर वसविले. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी त्याचा पाया घातला गेला. सरळ रुंद रस्ते, काटकोनात छेदणारे चौक आणि नेटकी बाजारपेठ असलेल्या या शहराच्या आखणीतही गणिताची शिस्त दिसते.

आता त्यांच्या कार्यातील उणीवही सांगितली पाहिजे. कारण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. जयसिंहांपाशी दुर्बीण होती. तिच्यातून शुक्र-बुधाच्या कला, सूर्यावरील डाग आणि गुरूचे चार चंद्र दिसतात, हे त्यांना ठाऊक होते. तथापि मोजमापासाठी त्यांनी नुसत्या डोळ्यांवरच भिस्त ठेवली. त्यांच्या जन्माच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी, १६०९ साली, जर्मन ज्योतिषी केप्लर याने याच मंगळाच्या चालीचा छडा लावला होता. त्याच्या गणितात आणि वेधात अवघ्या आठ कलांचा, म्हणजे अंशाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी, फरक उरत होता. तेवढ्यासाठी त्याने वर्तुळाकार कक्षेची सारी जुनी कल्पना सोडून दिली, आणि मंगळ सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो हे सिद्ध केले. त्या काळी कॅथलिक धर्मपीठाने सूर्यकेंद्री मताच्या ग्रंथांवर बंदी घातली होती, आणि जयसिंहांचा युरोपशी संबंध मुख्यतः पाद्र्यांमार्फतच होता. केप्लर व न्यूटन यांचे विचार त्यांच्यापर्यंत पोचले असोत वा नसोत, त्यांच्या सारण्यांत ते उतरले नाहीत. त्यांचे आकाश जुन्याच चौकटीत राहिले. ज्यांनी चंद्राची अर्ध्या अंशाची चूक पकडली, त्यांच्या हातून पृथ्वीला केंद्रस्थानाहून हलविण्याचे धाडस झाले नाही. वेध घेणे कठीण खरे, परंतु वेध जे सांगतो त्याच्यामागे शेवटपर्यंत जाणे त्याहून कठीण असते.

इकडे राजकारणाचे वारेही बदलले होते. मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून मालव्यात आले होते; राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीत ठाणे केले. जयसिंहांनी काळाची पावले ओळखली. १७३६ साली त्यांनी थोरल्या बाजीराव पेशव्यांची भेट घेतली, आणि १७४१ साली त्यांच्या मध्यस्थीने मालव्याचा कारभार बाळाजी बाजीराव पेशव्यांकडे आला. तेरा वर्षांच्या वयात ज्यांनी मराठ्यांच्या किल्ल्याचा वेढा पाहिला, त्यांनीच बावन्नाव्या वर्षी मराठ्यांशी तह जुळवून आणला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ सप्टेंबर १७४३ रोजी, जयसिंहांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे पुत्रांत गादीचा कलह माजला आणि वेधशाळांकडे पाहण्यास कोणी उरले नाही. शनीला आकाशाची एक फेरी पुरी करण्यास साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्याचा पुरता वेध घ्यावयाचा, तर एका माणसाच्या उमेदीचा सारा काळ त्यात जातो. अशा कामाला शिष्यांची परंपरा लागते, आणि तीच तुटली. मथुरेची वेधशाळा तर १८५७ च्या पूर्वीच नामशेष झाली. तिचा दगडही उरला नाही. उज्जयिनीची यंत्रे पावसात भिजत, उन्हात तडकत पावणेदोनशे वर्षे उभी राहिली.

मग एक मोठी समाधानाची गोष्ट घडली. ज्या शिंदे घराण्याने मालवा जिंकला, त्याच घराण्यातील ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला. त्या कामी गोविंद सदाशिव आपटे या विद्वान मराठी ज्योतिर्विदांचे मार्गदर्शन लाभले. राजपूत राजाने लावलेला दिवा मराठी हातांनी पुन्हा उजळला. पुढे तिला जीवाजी वेधशाळा हे नाव मिळाले, आणि १९४२ पासून तेथून दरवर्षी ग्रहांची स्थाने देणारे पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. मंगळ कोणत्या दिवशी कोठे असेल, हे उज्जयिनी पुन्हा जगाला सांगू लागली.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी आपल्या देशाचे मंगळयान निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले. ज्या ग्रहाच्या नुसत्या स्थानासाठी जयसिंहांनी दगडांचे डोंगर रचले, त्या ग्रहाभोवती भारताचे यंत्र आठ वर्षे फिरत राहिले. ग्रह नेमका कोठे असेल हे कळल्यावाचून तेथे यान धाडता येत नाही. म्हणजे रात्री जागून घेतलेले ते वेध वाया जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे असे वेध साचूनच हा मार्ग बांधला गेला आहे.

विद्यार्थीमित्रहो, यंत्रगाडीचा प्रवास तुम्ही अवश्य पाहा. परंतु सवडीच्या एखाद्या सकाळी जयसिंगपुऱ्यातही जा. हातात घड्याळ घेऊन सम्राट यंत्रावरील सावलीची वेळ टिपा. घड्याळ सुमारे अर्धा तास पुढे आढळेल. त्यातील सत्तावीस मिनिटांचा फरक उज्जयिनीच्या रेखांशामुळे पडतो, आणि बाकीचा फरक ऋतुमानाप्रमाणे कमीअधिक होतो. तो किती व का, हे आम्ही येथे सांगत नाही. वर्षभर महिन्यातून एकदा जाऊन वहीत नोंद करा, म्हणजे उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल. कोणाच्याही शब्दावर न विसंबता स्वतः पाहावे, मोजावे आणि मग मानावे, एवढ्याचसाठी त्या राजाने ही यंत्रे आपल्या गावात उभी करून ठेवली आहेत.